'ऐतिहासिक' या शब्दाची उधळपट्टी

मराठी वृत्तपत्राचा कोणताही अंक उघडावा. 'ऐतिहासिक' हे विशेषण पहिल्या पानापासून चित्रपटाच्या पुरवणीपर्यंत भेटत राहते. अक्षरे तीच, अर्थ मात्र पानागणिक बदलतो. इंग्रजीत 'हिस्टॉरिक' आणि 'हिस्टॉरिकल' असे दोन शब्द तरी आहेत. मराठीत दोन्हींचा भार एकाच शब्दावर पडतो आणि त्या संदिग्धतेचा लाभ बिनदिक्कत घेतला जातो.

ज्या पानाची सर्वाधिक थट्टा होते, ते शेअर बाजाराचे पान या बाबतीत सर्वांत प्रामाणिक आहे. जुलै १९९० मध्ये सेन्सेक्सने प्रथमच १,००० चा टप्पा ओलांडला, जानेवारी २०२१ मध्ये ५०,००० चा. तेथे 'ऐतिहासिक उच्चांक' म्हणजे आजवरच्या नोंदींतील सर्वांत मोठा आकडा, एवढेच. उद्या तो मोडला तरी कोणाची फसवणूक होत नाही. क्रीडापानाजवळही मोजपट्टी असते. भारताने इंग्लंडमध्ये पहिली कसोटी १९३२ मध्ये खेळली आणि तेथील पहिला विजय अजित वाडेकरांच्या संघाने १९७१ मध्ये ओव्हलवर मिळवला. या विजयाला 'ऐतिहासिक' म्हणणाऱ्याला कारण विचारले, तर तो ते सांगू शकतो.

शहरपानावर हा शब्द केवळ 'जुना' या अर्थाने येतो, आणि तोही बहुधा उशिरा. पालिकेच्या नोटिशीत जो वाडा वर्षानुवर्षे 'धोकादायक इमारत' असतो, तो कोसळल्यावर बातमीत 'ऐतिहासिक' होतो.

खरा अपराध राजकीय बातमीदारीचा. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री नोटाबंदी जाहीर झाली आणि वृत्तवाहिन्यांवर तिला लगेच 'ऐतिहासिक निर्णय' ही पदवी मिळाली. बाद नोटांपैकी ९९.३ टक्के परत आल्याचे रिझर्व्ह बँकेने सांगितले ते ऑगस्ट २०१८ मध्ये. निर्णय योग्य की अयोग्य, हा येथे प्रश्नच नाही. परिणाम दिसण्याआधी निकाल कोणत्या आधारावर दिला, हा आहे. याउलट २४ जुलै १९९१ चे उदाहरण घ्यावे. बहुतेक उद्योगांना परवान्याच्या सक्तीतून सोडवणारे नवे औद्योगिक धोरण त्या दिवशी एका राज्यमंत्र्याच्या निवेदनाने संसदेत आले. काही तासांनी डॉ. मनमोहनसिंग यांचा अर्थसंकल्प मांडला गेला आणि दुसऱ्या दिवशीचे मथळे त्यानेच व्यापले. चार दशकांची व्यवस्था उलथवणारी घटना बातमीत दुय्यम ठरली.

शब्दाचा अर्थ वापराने ठरतो, अभ्यासकांनी पहारा देऊ नये, असा प्रतिवाद होतो. तो मान्य करता आला असता, जर एका अर्थाची पत दुसऱ्या अर्थासाठी वापरली जात नसती. चित्रपटाच्या पुरवणीत नेमके तेच घडते. ना. सं. इनामदारांची 'राऊ' ही कादंबरी. तिच्यावर आधारलेला 'बाजीराव मस्तानी' २०१५ मध्ये आला. कादंबरी 'ऐतिहासिक', म्हणून चित्रपट 'ऐतिहासिक', आणि मग त्यातील प्रसंगही आपोआप 'ऐतिहासिक'. काशीबाई आणि मस्तानी यांच्या एकत्र नृत्याला समकालीन कागदाचा आधार नाही. कल्पित रचण्याचा अधिकार कलावंताला आहेच. आक्षेप आहे तो पोशाख आणि दागिने पाहून प्रमाणपत्र वाटणाऱ्या पुरवणीवर.

वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला. त्यात त्यांनी छापलेल्या पत्रांनाही 'ऐतिहासिक'च म्हणतात. समाजमाध्यमांवरील वादात आज तरुण वाचक पडद्यावरचा संवाद आणि असे पत्र शेजारी शेजारी, सारख्याच वजनाचा पुरावा म्हणून ठेवतात. पुरवणीला 'पेशवाईच्या काळावरील कल्पित चित्रपट' असे लिहिता आले असते. त्याला जागाही फारशी लागत नाही.