सायकल मार्ग रस्ता ओलांडतो तेव्हा

प्रति,
मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका

विषय : सायकल मार्ग आणि रस्ते एकमेकांना छेदतात त्या ठिकाणचे फलक, पट्टे व दिवे

स्वतंत्र सायकल मार्गावरून जाणाऱ्याला मोटारींपासून वाचवणारा कठडा किंवा उंचवटा रस्ता ओलांडायच्या जागी संपतो. पुढचे काही मीटर त्याची सारी भिस्त एकाच गोष्टीवर असते : येणाऱ्या वाहनचालकाला तो वेळेत दिसतो का. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. या आराखड्यातील मार्ग किती किलोमीटर झाले याइतकेच, ते चौकात आणि गल्ल्यांच्या तोंडाशी किती सुरक्षित आहेत हेही मोजले गेले पाहिजे. शहरात अनेक ठिकाणी सायकल मार्ग चौकाच्या अलीकडेच तुटतो आणि जिथे आधाराची सर्वाधिक गरज, तिथेच सायकलस्वार उघडा पडतो.

ताशी ५० किलोमीटर वेगाने येणारे वाहन दर सेकंदाला सुमारे १४ मीटर पुढे सरकते. समोरचा धोका ओळखून ब्रेकवर पाय जाईपर्यंत अडीच सेकंद लागतात, असे इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत गृहीत धरले आहे. तेवढ्या वेळात वाहन जवळपास ३५ मीटर पुढे आलेले असते. पूर्ण थांबण्यासाठी या वेगाला एकूण ६० मीटर अंतर लागते. वेग ताशी ३० किलोमीटर असेल, तर ३० मीटर पुरतात. यावरून दोन गोष्टी ठरतात. सूचनेचा पहिला फलक छेदस्थानाच्या बराच अलीकडे हवा आणि त्या टप्प्यातला वेगही उतरवायला हवा. नुसता छेदस्थानावर लावलेला फलक वेगातल्या चालकाला दिसतो, तोवर उशीर झालेला असतो.

यासाठी नवी चिन्हे शोधण्याची गरज नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या पहिल्या अनुसूचीत ती दिलेली आहेत. लाल काठाच्या त्रिकोणातली काळी सायकल पुढे सायकली रस्ता ओलांडतात असे बजावते. निळ्या वर्तुळातली पांढरी सायकल तो मार्ग सायकलींचा असल्याचे सांगते. उलटा त्रिकोण इतरांना आधी जाऊ देण्याची आज्ञा करतो. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९८अ नुसार, रस्त्याच्या रचनेत किंवा देखभालीत सुरक्षेची मानके न पाळल्याने कोणाचा मृत्यू झाला वा कोणाला अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

कोणते चिन्ह कुठे लावायचे, हे जागेवर अवलंबून असते. गल्ली मुख्य रस्त्याला मिळते तिथे डावीकडे वळणारे वाहन सायकल मार्ग कापून जाते. अशा ठिकाणी उलटा त्रिकोण गल्लीतून येणाऱ्यासाठी हवा, सायकल मार्ग रंगीत पट्ट्याने अखंड पुढे न्यायला हवा आणि तो थोडा उंच ठेवला की वाहनाचा वेग आपोआप पडतो. दर गल्लीपाशी सायकलस्वारालाच थांबायला सांगणारे फलक लावले, तर ते कोणी पाळत नाही आणि खरोखर थांबायच्या जागीही त्यांचा वचक उरत नाही. मोठा रस्ता मध्येच ओलांडायचा असेल तिथे दोन्ही दिशांना आगाऊ सूचनेचा त्रिकोण, प्रत्यक्ष जागी दुसरा त्रिकोण आणि रस्त्याच्या मधोमध सायकलसह थांबता येईल एवढी जागा लागते. सिग्नलच्या चौकात गाड्यांची थांबरेषा मागे घेऊन सायकलींना पुढे उभे राहू दिले, तर बस व ट्रकच्या चालकांना त्या समोर दिसतात.

दिव्यांची जोड मिळाली की फलकाचा परिणाम वाढतो. अमेरिकेत फ्लॉरिडातील सेंट पीटर्सबर्ग येथे पिनेलास ट्रेल ही सायकलस्वार व पादचाऱ्यांची वाट एका मोठ्या रस्त्याला छेदते. तिथे बटण दाबल्यावर वेगाने लुकलुकणारे पिवळे दिवे बसवण्यात आले. त्याआधी जेमतेम २ टक्के चालक थांबून वाट देत. नंतर हे प्रमाण ३५ टक्के झाले आणि दिवे सुरू असताना ५४ टक्के. सुधारणा मोठी आहे, तरी दिवे चालू असतानाही जवळजवळ निम्मे चालक थांबले नाहीत. म्हणून रुंद आणि वेगवान रस्त्यांवर दिव्यांबरोबर उंचवटा किंवा सायकलींसाठी स्वतंत्र सिग्नलही हवा.

फलक लावला म्हणजे काम संपत नाही. झाडाची फांदी, जाहिरातीचा फ्लेक्स किंवा उभा टेम्पो यांपैकी कशानेही तो झाकला जातो. गाडीच्या दिव्यांचा प्रकाश परत फेकणारा पत्रा जुना झाला की रात्री चिन्ह वाचता येत नाही. रस्त्यावरचे पट्टे पावसाळ्यात आणि खोदाईनंतर पुसले जातात.

यासाठी महापालिकेने पुढील गोष्टी कराव्यात :

१. सायकल मार्ग जिथे जिथे रस्ता ओलांडतात, त्या प्रत्येक जागेची वाहतूक पोलिसांसह दिवसा आणि रात्री पाहणी करून यादी जाहीर करावी.
२. शाळा, महाविद्यालये आणि रुंद रस्त्यांजवळच्या जागा आधी हाती घ्याव्यात.
३. फलक, पट्टे, प्रकाश आणि वेगनियंत्रण यांचे काम एकाच निविदेत घ्यावे. ते पूर्ण झाल्याखेरीज मार्ग खुला झाल्याचे जाहीर करू नये.
४. रस्ता खोदणाऱ्या यंत्रणेवर पट्टे व फलक पूर्ववत करण्याची अट घालावी.
५. पावसाळ्याआधी आणि पावसाळा संपल्यावर प्रत्येक जागेची तपासणी करून तिचा अहवाल नागरिकांसाठी खुला ठेवावा.

कळावे,
पुण्यातील एक सायकलस्वार नागरिक