चालायला एवढ्या लांब कशाला?

परवा फोटो टाकले आणि खाली पहिलीच कॉमेंट आली, "सर, चालायला एवढ्या लांब? आपल्याकडे रस्ते संपले काय?" त्यावर पंचवीस-तीस जण हसून गेले. मीही हसलो. मग उत्तर लिहायला बसलो, ते कॉमेंटमध्ये मावेना, म्हणून ही पोस्ट. लांब आहे, आधीच सांगतो.

रस्ते संपलेले नाहीत भाऊ. फुटपाथ संपलाय.

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये आमची ही दूध आणायला निघाली. फुटपाथवर दोन गाड्या चढवलेल्या, म्हणून रस्त्यावर उतरली आणि मागून दुचाकीचं हँडल लागलं. मनगटात प्लेट आहे अजून. तो पोरगा बिचारा थांबला, त्यानंच रिक्षा आणली. त्याच्यावर माझा राग नाही. त्या दोन गाड्यांचे मालक मात्र बघायलाही आले नाहीत, कारण त्यांच्या लेखी त्यांनी काही केलंच नव्हतं. गाडी तर नुसती उभी होती! तेव्हापासून ही एकटी बाहेर पडत नाही. डॉक्टर म्हणतात रोज चार किलोमीटर चाला. कुठे चालायचं, ते चिठ्ठीवर लिहून देत नाहीत.

एप्रिलमध्ये मुलीकडे अमेरिकेत होतो. तिनंच तिकिटं काढली, कोलंबियाची राजधानी बोगोता, नऊ दिवस. मी म्हटलं, अगं कोलंबिया? सिनेमात पाहिलेलं सगळं डोळ्यांपुढे आलं. ती म्हणाली, बाबा, तुम्ही दोघं नुसते चाला तिथे.

आता बोगोता म्हणजे काही स्वित्झर्लंड नाही. हे नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सत्तर-ऐंशी लाखांचं शहर, समुद्रसपाटीपासून २,६०० मीटरवर. पहिल्या दिवशी जिना चढतानाच धाप लागली. ट्रॅफिक भयंकर. मेट्रोचं काम चालू, खांब उभे, पत्रे ठोकलेले, ओळखीचंच दृश्य. बसमध्ये चेंगराचेंगरी. फोन हिसकावणारे आहेत. तिथे म्हणतातच, "पपई देऊ नका", म्हणजे चोराला आयती संधी देऊ नका. हॉटेलवाल्या पोरीनं पहिल्याच दिवशी हे ऐकवलं आणि हिनं फोन स्वेटरच्या आतल्या पिशवीत टाकला तो नऊ दिवस तिथेच. फोटो कमी का, असं विचारणाऱ्यांना हे उत्तर.

तर असं शहर. आणि त्या शहरात आम्ही रोज दहा-बारा किलोमीटर चाललो.

चालणाऱ्याला तिथे हरवताच येत नाही. पूर्वेला डोंगरांची भिंत, कुठूनही मान वर केली की दिसते. डोंगराला समांतर जाणारे रस्ते म्हणजे कारेरा, डोंगराकडे जाणारे म्हणजे काये, आणि दोन्हींना नंबर. पत्ता असतो, समजा, काये ११, नंबर ५-६०. याचा अर्थ अकरा नंबरच्या कायेवर, पाच नंबरच्या कारेराच्या कोपऱ्यापासून साधारण साठ मीटर. पत्त्यातच पावलं मोजून दिलेली! आपल्याकडे "मारुती मंदिराच्या मागे, जुन्या पिठाच्या गिरणीसमोर". गिरणी बंद पडून वीस वर्षं झाली.

जुन्या भागात, ला कांदेलारियात, फुटपाथ अरुंद आहेत, समोरून कुणी आलं की एकानं उतरायचं. बाकी ठिकाणी फरशा हलतात. पाऊस पडला की हलत्या फरशीखालचं पाणी पिचकारीसारखं पँटीवर. हिनं दोनदा माझ्या नावानं खडे फोडले, जणू फरशी मीच बसवली. पण त्या फुटपाथवर गाडी नव्हती. बऱ्याच जागी कडेनं खांब रोवलेत, चाक चढूच शकत नाही.

हे खांब आकाशातून पडले नाहीत. १९९८ ते २००० या काळात एन्रिके पेन्यालोसा तिथे महापौर होता. त्याआधी बोगोतातही गाड्या सर्रास फुटपाथवर लागायच्या. त्यानं खांब रोवले, फुटपाथ रुंद केले. दुकानदार खवळले, गिऱ्हाईक गाडी कुठे लावणार म्हणून ओरडले, त्याला खुर्चीवरून खाली खेचायची भाषा झाली. पुढे २०१५ साली तोच माणूस पुन्हा निवडून आला. त्याच्या सगळ्या गोष्टी मला पटत नाहीत; फेरीवाल्यांवर तो फार कडक होता. त्याच्याआधीचा अंतानास मोकुस तर त्याहून वल्ली. त्यानं चौकाचौकात मूकनाट्यवाले उभे केले, झेब्रा क्रॉसिंगवर गाडी आणणाऱ्याची नक्कल करून लाज काढायला. दंडाला लोक घाबरत नव्हते, हसण्याला घाबरले.

आणि रविवार. सकाळी सात ते दुपारी दोन, १२० किलोमीटरहून जास्त रस्ते मोटारींना बंद. नाव सिक्लोविया, १९७४ पासून चालू आहे. दर रविवारी आणि सुटीच्या दिवशीही! मी आणि ही कारेरा सेप्तिमाच्या मधोमध चाललो, म्हणजे जणू आपल्या स्टेशन रोडच्या मधोमध. सायकली, कुत्री, बाबागाड्या, काठी टेकत निघालेले आजोबा, स्केटिंग करणारी पोरं. फळं कापून विकणारे, थर्मासमधून काळी कॉफी देणारे. एका टपरीवर गरम पाणी घेतलं तर ते चक्क गुळाचं पाणी निघालं, सोबत चीज. हिला एवढा आनंद झाला की तिनं दुसरा कप घेतला. आपल्याकडे रस्ता बंद होतो तो मिरवणुकीसाठी, नाहीतर मंत्र्यासाठी.

फेरीवाल्यांचं मुद्दाम सांगतो, कारण फुटपाथ म्हटलं की आपले नगरसेवक लगेच भाजीवालीची पाटी उचलायला धावतात. बोगोतात फुटपाथवर शेकड्यांनी विक्रेते आहेत. २००३ साली तिथल्या घटना न्यायालयानं बजावलंय की सार्वजनिक जागा मोकळी करताना विक्रेत्यांच्या पोटाचा विचार केल्याशिवाय त्यांना हुसकावता येणार नाही. वाद आजही चालूच आहे. पण मी चाललोय ना तिथे. त्यांच्या बाजूनं जाता येत होतं. माणसाच्या बाजूनं जाता येतं. साडेचार मीटर लांब गाडीच्या बाजूनं जायचं म्हणजे रस्त्यावर उतरायचं. आपल्याकडे पाटी जप्त होते आणि गाडीला "सायेब, जरा पुढे घ्या".

चौथ्या दिवशी मी दुपारी पडलो होतो. उठलो तर ही खोलीत नाही. फोन लावला तर तो हिच्या स्वेटरच्या आत, ऐकू कुठला येणार. मी चप्पल घालून खाली धावलो. ती समोरून येत होती, हातात कागदी पिशवी. "अहो, बेकरीत गेले होते. चीजचे गोल पाव मिळतात, गरम आहेत." एकटी गेली, दोन सिग्नल ओलांडले, भाषा येत नाही, बोटं दाखवून पाव आणले. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी काही बोललो नाही. पाव खाल्ला.

परत येऊन आता महिना झाला. ही पुन्हा गॅलरीत येरझारा घालते.

आता "आपल्याकडे शक्य नाही" वाल्यांना विचारतो. पैसा नाही? खांबाला किती पैसा लागतो? चौकातल्या त्या स्वागत कमानीच्या खर्चात किती खांब आले असते, हिशोब मांडा. जागा नाही? इंडियन रोड्स काँग्रेसचा नियम फुटपाथ किमान १.८ मीटर सांगतो, आणि आपल्या मेन रोडला बऱ्याच ठिकाणी तेवढी जागा आहे, फक्त तिच्यावर बोनेट आहे. लोक ऐकत नाहीत? बोगोताचे लोक काय आळंदीचे वारकरी होते?

आणि हो, फुटपाथवर गाडी लावणारे बाहेरचे नाहीत. माझ्या मित्रयादीतले आहेत. दोघंतिघं ही पोस्ट वाचताहेत. माझ्या धाकट्या भावाची गाडीही मेडिकलसमोर असते, त्याला घरी सांगून झालंय, आता इथे सांगतोय.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही दोघं चौकातल्या पिंपळापासून मंडईपर्यंत चालणार आहोत, फुटपाथवरूनच. जिथे उतरावं लागेल तिथे खडूनं रेघ मारणार, गाडीचा नंबर आणि वेळ वहीत लिहिणार, आणि सोमवारी ती वही वॉर्ड ऑफिसात देऊन पोच घेणार. ज्यांना यायचंय त्यांनी या. टेप माझ्याकडे आहे, खडू जास्तीचे आणा.