फोन टीव्हीवर लावण्याआधी



या वेळचं लिखाण आम्ही तीन माणसांची इजाजत घेऊन करत आहोत. एक आमची अम्मी, दुसरा मस्कतला असलेला आमचा धाकटा भाऊ आणि तिसरी आमची भावजय. भाऊ आधी नको म्हणत होता. अम्मी म्हणाली, "लिही. तू मास्तर ना? आपल्या घरात झालं ते दुसऱ्याच्या घरात होऊ नये." मग तोही तयार झाला.

झालं असं. भावाच्या आठ वर्षांच्या मुलीचा कुरआन वाचून पूर्ण झाला. त्यांनी तिकडे घरातल्या घरात छोटा कार्यक्रम केला आणि भावजयीने त्याचा व्हिडिओ आमच्या फोनवर पाठवला. अम्मीच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला आहे, दुसऱ्याचा काढायचा आहे. फोन नाकापाशी धरला तरी नातीचा चेहरा तिला नखाएवढा दिसे. आमचा थोरला नववीत आहे. तो म्हणाला, "दादी, थांब. तुला टीव्हीवर दाखवतो."

रविवार होता. जोहरची नमाज आणि जेवणं आटोपून सगळे बाहेरच्या खोलीत बसलो. शेजारच्या खालाजान आल्या, त्यांच्या दोन्ही सुना आल्या. थोरल्याने आमचा फोन घेतला, दोन-तीन बटणं दाबली आणि फोनचा अख्खा पडदा टीव्हीवर उमटला. आम्हालाही कौतुक वाटलं. 'सगळे बसून बघतोय' असं त्याने भावजयीला आमच्या फोनवरूनच कळवलं आणि व्हिडिओ सुरू केला.

मुलगी फार गोड वाचत होती. अम्मी पदराने डोळे पुसत होती. तेवढ्यात टीव्हीच्या वरच्या कडेला एक पट्टी उतरली. भावजयीचं उत्तर आलं होतं. आमचा धाकटा चौथीत आहे. दुकानाची पाटी असो की एसटीचा बोर्ड, दिसेल ते मोठ्याने वाचायची त्याला सवय. ती आम्हीच लावली आहे. त्याने वाचलं, "बघा, बघा. फक्त नोकरी गेल्याचं अम्मींना अजून कळू देऊ नका."

पट्टी आपोआप वर गेली. खोलीत फक्त मुलीचा आवाज राहिला. थोरल्याने टीव्ही बंद करायला हात पुढे केला, तर अम्मी म्हणाली, "राहू दे. पोरीचं पुरं होऊ दे." शेवटपर्यंत तिने बघितलं, दुआसाठी हात उचलले, खालाजानना चहा द्यायला सांगितला. त्या गेल्यावर म्हणाली, "आता त्याला फोन लाव."

भावाची नोकरी जाऊन दोन महिने झाले होते. आम्हाला माहीत होतं. आम्हाला माहीत नव्हतं ते असं की दर महिन्याचे पैसे तो दोस्ताकडून उसने घेऊन पाठवत होता. मागच्या खोलीवर स्लॅबचं काम चाललं होतं आणि ते थांबलं तर अम्मीला संशय येईल, ही त्याला भीती. दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मीने गवंड्याला बोलावलं, त्या दिवसापर्यंतचा हिशेब चुकता केला आणि काम थांबवलं. आम्हाला म्हणाली, "उघड्या सळ्यांना सिमेंटचं पाणी मारून घे, पावसात गंजतील. स्लॅब पुढच्या वर्षी पडेल. पोराच्या डोक्यावर कर्ज नको." आणि थोडं थांबून, "माझ्या डोळ्यात मोतीबिंदू होता रे, डोक्यात नव्हता."

भावजयीची आम्ही माफी मागितली. तिने भरवशाने लिहिलेली गोष्ट आमच्या हातून शेजाऱ्यांसमोर उघडी पडली होती. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "भाईजान, तुमच्यावर भरवसा आहे. पण तुमच्या फोनवर लिहायची आता भीती वाटते."

हे वाक्य आम्हाला लागलं. मग आम्ही थोरल्याला जवळ घेतलं आणि ही फोन-टीव्हीची भानगड नीट समजून घेतली. ती अशी.

फोनवरचं चित्र टीव्हीवर नेण्याचे दोन वेगळे रस्ते आहेत आणि बहुतेक घरांत दोन्हींना एकच नाव आहे, 'टीव्हीला जोडणं'. पहिला रस्ता मिररिंगचा. मिररिंग म्हणजे आरसा. फोनवर जे जे दिसेल ते सगळं टीव्हीवर दिसणार. व्हिडिओ, आलेला निरोप, बँकेचा एसएमएस, फोन करणाऱ्याचं नाव, सगळं. अँड्रॉइड फोनमध्ये यासाठी बहुधा मिराकास्ट नावाची पद्धत वापरतात. ती 2012 साली आली. फोन आणि टीव्ही एकमेकांना थेट वायफायने जोडले जातात. घरात राउटर किंवा इंटरनेट नसलं तरी चालतं. सॅमसंगच्या फोनमध्ये तिला स्मार्ट व्ह्यू म्हणतात, इतरांत स्क्रीनकास्ट, वायरलेस डिस्प्ले अशी नावं सापडतात. आयफोनमध्ये स्क्रीन मिररिंग असंच लिहिलेलं असतं. तिथे ॲपलची एअरप्ले ही पद्धत चालते. फोनला सारखं चित्र पाठवत राहावं लागतं, म्हणून बॅटरी लवकर उतरते, आणि पडदा बंद केला की टीव्हीवरचं चित्रही जातं.

दुसरा रस्ता कास्टिंगचा. 2013 साली गूगलने क्रोमकास्ट आणलं तेव्हापासून तो घरोघर पोहोचला. यूट्यूबसारख्या ॲपमध्ये व्हिडिओच्या वर एक छोटं चिन्ह असतं, चौकोन आणि त्याच्या कोपऱ्यात तीन वळणदार रेघा. ते दाबून टीव्हीचं नाव निवडलं की फोन टीव्हीला फक्त एवढंच सांगतो की कुठला व्हिडिओ हवा आहे. तो व्हिडिओ टीव्ही स्वतः इंटरनेटवरून आणतो. मग फोन खिशात ठेवा, बंद करा, कुणाशी बोला. टीव्हीवर व्हिडिओच चालतो, निरोप दिसत नाहीत.

वर्गातली मिसाल द्यायची तर मिररिंग म्हणजे आपली डायरी उघडून अख्ख्या वर्गासमोर धरणं. कास्टिंग म्हणजे फळ्यावर पान नंबर लिहिणं. पुस्तक ज्याने त्याने आपलं उघडायचं.

कास्टिंगसाठी फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर असावे लागतात. चिन्ह दिसत नसेल तर दहापैकी नऊ वेळा घोटाळा इथेच असतो, फोन मोबाइल डेटावर आणि टीव्ही राउटरवर. घरात राउटर नसेल तर एका फोनचा हॉटस्पॉट सुरू करा, टीव्ही आणि दुसरा फोन दोन्ही त्याला जोडा आणि दुसऱ्या फोनवरून कास्ट करा. मात्र मोठ्या पडद्यासाठी टीव्ही चांगल्या प्रतीचं चित्र मागवतो, रोजचा डेटा भराभर संपतो. हे आधी लक्षात घ्या.

आता खरी अडचण. व्हॉट्सॲपवर आलेल्या व्हिडिओला हे कास्टचं चिन्ह नसतं. म्हणून आमच्या थोरल्याने मिररिंग केलं. त्याचा त्यात काही कसूर नाही. अशा वेळी आम्ही आता साधा पेन ड्राइव्ह वापरतो. फोनच्या चार्जिंगच्या खाचेत बसणारा पेन ड्राइव्ह बाजारात मिळतो. त्यात तेवढा एक व्हिडिओ उतरवायचा आणि पेन ड्राइव्ह टीव्हीच्या मागच्या यूएसबी खाचेत लावायचा. ना वायफाय, ना निरोप. दोन गोष्टी मात्र सांभाळा. काही टीव्ही फक्त फॅट32 पद्धतीने फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्ह वाचतात आणि त्यात 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. शिवाय नव्या फोनमधले काही व्हिडिओ एचईव्हीसी प्रकारचे असतात. जुन्या टीव्हीवर त्यांचा नुसता आवाज येतो, चित्र येत नाही. आयफोनवाल्या नातेवाइकांना सांगा, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट या ठिकाणी 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडून शूटिंग करा, म्हणजे हा त्रास होत नाही.

व्हॉट्सॲप नेहमीच्या पद्धतीने व्हिडिओ पाठवताना त्याला दाबून लहान करतं. फोनवर ते कळत नाही, पण टीव्हीवर चेहरे पुसट दिसतात. तोच व्हिडिओ 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर तो जसाच्या तसा येतो. म्हाताऱ्या माणसांना बघायचं असेल तर परदेशातल्या मुलांना हे एवढं जरूर कळवा.

मिररिंगशिवाय इलाजच नसेल तर आधी 'डू नॉट डिस्टर्ब' सुरू करा. पण नुसतं तेवढ्यावर थांबू नका. अनेक फोनमध्ये त्याने आवाज बंद होतो आणि पट्टी मात्र दिसत राहते. त्याच सेटिंगमध्ये आत जाऊन निरोप दिसूही नयेत, असं निवडावं लागतं. मग दुसऱ्या फोनवरून स्वतःला एक निरोप पाठवून खात्री करा. माणसं जमवायची ती त्यानंतर. व्हिडिओ फोनमध्ये आधीच उतरवलेला असेल तर मोबाइल डेटा बंद करून टाका. घरातलं राउटरही थोडा वेळ बंद ठेवा. मिराकास्ट त्याशिवाय चालतं.

कास्टिंगचीही आपली खोड आहे. एक व्हिडिओ संपला की यूट्यूब दुसरा आपोआप लावतं, आणि तो आपण निवडलेला नसतो. लहान मुलं टीव्हीसमोर असतील तर 'ऑटोप्ले' बंद करा. दुसरं, आपल्या वायफायवर असलेल्या कुणाच्याही फोनमध्ये आपल्या टीव्हीचं नाव दिसू शकतं. एकदा मगरिबनंतर आमच्या टीव्हीवर एकाएकी क्रिकेटची मॅच सुरू झाली. शेजारच्या मुलाला आम्हीच पासवर्ड दिला होता; त्याला वाटलं, तो आपल्या टीव्हीवर लावतोय. हसण्यावारी गेलं. तेव्हापासून पासवर्ड बदलला आहे.

हे झालं बटणांचं. पण भावजयीचं ते वाक्य बटणांनी मिटत नाही. दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी सलाम करून इजाजत घ्यावी, ही तालीम सूरह नूरमधून आपल्या प्रत्येक मुलाला मिळते. आमच्याही मुलांना मिळाली आहे. तरी थोरल्याने फोन मागितला आणि आम्ही देऊन टाकला. फोन आमचा असला तरी त्यातले निरोप एकट्या आमचे नसतात. ज्याने लिहिले त्याचाही त्यात वाटा असतो. कुणाच्या बहिणीचं दुखणं, कुणाच्या मुलीच्या सोयरिकीची बोलणी, कुणाची उसनवारी, सगळं आपल्याकडे अमानत म्हणून पडलेलं असतं. तो फोन चारचौघांत भिंतीवर उघडा करण्याआधी आम्ही घडीभर थांबायला हवं होतं. चूक नववीतल्या मुलाची नव्हती. वाचणाऱ्या चौथीतल्या मुलाची तर नव्हतीच. त्याला आम्ही उलट म्हटलं, "वाचत जा."

आणखी एक गोष्ट मनाला खाते. अम्मीला न सांगण्यात आम्हीही सामील होतो. तिला त्रास नको, असं आम्ही ठरवलं. तिला विचारलं नाही. तिने एका सकाळीत जो हिशेब मिटवला तो आम्ही दोघा भावांनी दोन महिने वाढू दिला होता. पट्टी उतरली नसती तर कर्ज आणखी वाढलं असतं, हेही खरं. पण म्हणून ती पट्टी उतरली ते बरं झालं, असं म्हणायला आमची जीभ रेटत नाही. ही खबर अम्मीला आपल्या मुलाच्या तोंडून मिळायला हवी होती, शेजारणींच्या समोर टीव्हीवरून नव्हे.

भावाला अजून काम मिळालेलं नाही. दोन ठिकाणी बोलणं चालू आहे. वाचकांनी दुआ करावी. सळ्यांना सिमेंटचं पाणी मारून झालं आहे. भावजयीने तोच व्हिडिओ डॉक्युमेंट म्हणून पुन्हा पाठवला. आम्ही तो पेन ड्राइव्हवर घेतला आहे. अम्मी दुपारी एकटीच रिमोट हातात घेऊन बघते. नातीचा चेहरा आता तिला नीट दिसतो. आणि भावजय आता काही सांगायचं असलं की आम्हाला लिहीत नाही. सरळ अम्मीला फोन लावते.

पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, पुन्हा भेटू.