पौंडांच्या तराजूत कुटुंब

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या नागरिकाला आपल्या परदेशस्थ पत्नीला वा पतीला सोबत आणावयाचे असेल, तर त्याने वर्षाला निदान २९,००० पौंड मिळकत सिद्ध केली पाहिजे, अशी अट ११ एप्रिल २०२४ पासून तेथे अमलात आली. त्यापूर्वी ही रक्कम १८,६०० पौंड होती. हुजूर पक्षाचे सरकार ती टप्प्याटप्प्याने ३८,७०० पर्यंत नेणार होते. २०२४ च्या जुलैत मजूर पक्ष सत्तेवर आला, त्याने पुढील वाढ रोखून धरली आणि प्रश्न स्थलांतरविषयक सल्लागार समितीकडे सोपविला. या समितीचा अहवाल जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ३८,७०० चा आकडा मानवी हक्कांच्या कायद्याशी विसंगत ठरण्याचा संभव आहे, असा इशारा समितीने दिला. किमान वेतनावर पूर्ण वेळ राबणाऱ्या माणसालाही आपले कुटुंब आणता यावे असे धोरण असेल, तर ही मर्यादा २३,००० ते २५,००० पौंडांच्या दरम्यान असावी, हेही तिने नमूद केले.

हे शेवटचे विधान सल्लागारांच्या थंड भाषेत लिहिलेले असले तरी त्यात एक मोठी कबुली दडलेली आहे. एप्रिल २०२५ पासून ब्रिटनमधील प्रौढ कामगाराचे किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झाले. आठवड्याला चाळीस तास याप्रमाणे बावन्न आठवडे एकही दिवस बिनपगारी खाडा न करता राबणाऱ्या कामगाराच्या हाती त्या दराने वर्षाअखेर ठोकळ २५,३९७ पौंड पडत. म्हणजे ज्या वेतनाला राज्यसंस्था कायद्याने जगण्यापुरते वेतन म्हणते, त्याच वेतनावर जगणाऱ्याला ती विवाहित जीवन जगण्यास अपात्र ठरविते. कारखान्याच्या दारात जे पुरेसे, ते विमानतळाच्या दारात अपुरे!

मिळकत कमी पडत असेल तर शिलकीने भरून काढण्याची मुभा नियमांत आहे, असे गृहखाते सांगते. ही मुभा कशी आहे ते पाहण्यासारखे आहे. शिलकीतील पहिले १६,००० पौंड हिशेबात धरलेच जात नाहीत. त्यावर, जेवढी मिळकत कमी, तिच्या अडीच पट रक्कम असावी लागते, आणि ती सहा महिने ताब्यात असावी लागते. वर उल्लेखिलेल्या कामगाराला त्या दराने वर्षाला ३,६०३ पौंड कमी पडत. ही तूट भरून काढण्यासाठी त्याने सुमारे २५,००० पौंड बाजूला टाकलेले असावे लागत. ज्याची वर्षाची सगळी कमाई तेवढी, त्याने घरभाडे देऊन, पोट भरून, वर पूर्ण एका वर्षाच्या कमाईएवढी शिल्लक दाखवावी, ही अपेक्षा ज्यांनी लिहून काढली त्यांनी महिनाअखेर कधी अनुभवलेली नसावी. ज्याला मिळकतच नाही पण ८८,५०० पौंड रोख आहेत, त्याला मात्र कोणी काही विचारत नाही.

पुराव्याचा भाग तर त्याहून जाचक आहे. सहा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, त्याच सहा महिन्यांचे बँकेचे उतारे, त्या उताऱ्यांत प्रत्येक पगार जमा झाल्याची नोंद आणि मालकाचे पत्र, हे सारे परस्परांशी जुळले पाहिजे. ज्याची नोकरी सहा महिन्यांहून अलीकडची असेल त्याला मागील बारा महिन्यांची कमाईही दाखवावी लागते. ठेकेदाराकडे आठवड्याच्या आठवड्याला रोख मजुरी घेणारा, दोन ठिकाणी अर्धवेळ काम करणारा, हंगामी कामावर असलेला मजूर या चौकटीत बसता बसत नाही. परदेशातील जोडीदाराची तेथील कमाई, ब्रिटनमध्ये आल्यावर त्याला मिळू शकणारी नोकरी, यांपैकी काहीही पहिल्या अर्जात मोजले जात नाही. पत्नी परिचारिका असो की अभियंता, कागदावर ती केवळ एक भार असते. आणि हा भार सार्वजनिक तिजोरीवर पडू नये म्हणून ही अट, असे समर्थन केले जात असले, तरी प्रवेश मिळाल्यावरही तिला सार्वजनिक निधीतील कोणतेही साहाय्य घेण्यास मनाई असतेच. अर्जाचे शुल्क आणि आरोग्यसेवेचा अधिभार मिळून २०२५ साली ५,००० पौंडांच्या वर रक्कम आगाऊ भरावी लागे ती वेगळीच. जी सेवा तिने पैसे मोजून विकत घेतली, तिचाच ओझे म्हणून तिच्यावर ठपका!

ही अट ९ जुलै २०१२ रोजी, थेरेसा मे गृहमंत्री असताना, प्रथम लागू झाली. तोवर सार्वजनिक साहाय्यावाचून घर चालविता येते एवढे दाखविले की पुरे होते. कर व घरभाडे वजा जाता जोडप्याजवळ वर्षाला सुमारे ५,५०० पौंड उरावेत, हा त्याचा व्यवहारातील अर्थ होता. २०१२ च्या नियमांनी एका रात्रीत देशातील जवळजवळ निम्म्या नोकरदारांना परदेशस्थ जोडीदार आणण्याच्या हक्कापासून दूर लोटले. पगाराचे मान जेथे कमी, त्या उत्तर इंग्लंडात आणि वेल्समध्ये हा फटका अधिक बसला, कारण अट लंडनला जी तीच तेथेही. स्त्रियांचे वेतन पुरुषांपेक्षा कमी आणि मुलांमुळे अर्धवेळ काम करणाऱ्यांत त्यांचीच संख्या मोठी, त्यामुळे पतीला आणू न शकणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या तुलनेत कितीतरी जास्त निघाले.

मुलांचे काय झाले? इंग्लंडच्या बाल-आयुक्तांच्या कार्यालयाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात निदान १५,००० मुले या नियमांच्या फेऱ्यात सापडल्याचा अंदाज दिला. आईबापांपैकी एकाचा चेहरा त्यांना दूरध्वनीच्या पडद्यावरच दिसतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तो दोन तोंडांचा होता. मुलांच्या हिताचा विचार नियमांत पुरेसा झालेला नाही, हे न्यायालयाने मान्य केले आणि अन्य मार्गाने मिळणाऱ्या आधाराकडे डोळेझाक करण्यावर बोट ठेवले. परंतु किमान मिळकतीची अट तत्त्वतः वैध आहे, असेही त्याच निकालाने ठरविले. त्यानंतर नियमांत अपवादात्मक परिस्थितीची एक खिडकी उघडण्यात आली. ती इतकी अरुंद आहे की वकिलाची फी देऊ शकणाराच बहुधा तिच्यातून आत जातो.

या सर्वांत वृद्ध आईवडिलांची स्थिती सर्वांत दयनीय. दैनंदिन साध्या क्रियांनाही ज्यांना दुसऱ्याचा हात लागतो, आणि मुलाने पैसे पाठवूनही जी शुश्रूषा त्यांच्या देशात मिळणे शक्य नाही, अशाच आईबापांना २०१२ नंतर येता येते. मुलाजवळ पैसा नसेल तर तो त्यांना पोसू शकत नाही म्हणून अर्ज फेटाळला जातो. पैसा असेल तर त्या पैशाने जालंधरात वा कोट्टयममध्ये नोकर ठेवता येईल म्हणून फेटाळला जातो.

गोव्यातून गेलेल्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. पोर्तुगीज पासपोर्ट मिळवून हजारो गोमंतकीय ब्रिटनमध्ये गेले. स्विंडन शहरातील गोदामांत आणि कारखान्यांत त्यांची मोठी वस्ती आहे. युरोपीय संघाच्या मुक्त संचाराच्या नियमांमुळे मिळकतीची ही पट्टी त्यांना लागत नव्हती. ३१ डिसेंबर २०२० रोजी ते दिवस संपले. त्या तारखेपूर्वी जुळलेल्या नात्यांना जुने संरक्षण आहे. त्यानंतर लग्न करून सासष्टीतील वा बार्देशातील वधूला आणू पाहणाऱ्या गोदाम-कामगारासमोर मात्र तेच २९,००० पौंड उभे आहेत. एकाच घरातील थोरल्या भावाची बायको आली आणि धाकट्याची आली नाही, असे आता घडू शकते, आणि यात दोघांच्या कष्टांत तसूभर फरक नाही.

ब्रिटिश राज्यकर्त्यांचा भारतीय उपखंडातील कुटुंबांविषयीचा संशय मात्र २०१२ साली जन्माला आलेला नाही. १९७९ च्या जानेवारीत, नियोजित वराशी विवाह करण्यासाठी आलेल्या एका पस्तीस वर्षांच्या भारतीय शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर कौमार्य-तपासणी करण्यात आली. वृत्तपत्रांत ते उघड होताच भारतात संतापाची लाट उसळली आणि सरकारने निषेध नोंदविला. पुढे २०११ मध्ये उजेडात आलेल्या सरकारी कागदपत्रांवरून अशा तपासण्यांना बळी पडलेल्या उपखंडातील स्त्रियांची संख्या ८० च्या आसपास असल्याचे दिसून आले, आणि त्यांतील कित्येक तपासण्या भारतातच, व्हिसा देताना झाल्या होत्या. १९८० मध्ये नवा नियम आला. विवाहाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये स्थायिक होणे हा नाही, असे वराने सिद्ध करावयाचे! नसलेला हेतू सिद्ध कसा करावा, हे कोणी सांगितले नाही. तीन स्त्रियांनी या भेदभावाविरुद्ध युरोपीय मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली आणि १९८५ मध्ये त्या जिंकल्या. पत्नीला आणणे सोपे व पतीला आणणे अवघड, हा लिंगभेद होय, असा निर्णय झाला. सरकारने त्याचे पालन कसे केले? पतीवरील जाच काढण्याऐवजी तोच पत्नीवरही लादला. समानता प्रस्थापित झाली, ती अशी. तो नियम १९९७ मध्ये रद्द झाला, आणि पंधरा वर्षांनी त्याची जागा पगाराच्या पावतीने घेतली. शरीर तपासणे निंद्य ठरले, मन तपासणे हास्यास्पद ठरले. खिसा तपासणे तेवढे सभ्य मानले जाते.

दुसऱ्या बाजूने हेच धोरण पाहावे म्हणजे त्याचे खरे स्वरूप ध्यानात येते. ब्रिटनमधील वृद्धांना आंघोळ घालणारे, भरविणारे हात कमी पडू लागले तेव्हा केरळपासून पंजाबपर्यंतच्या तरुण-तरुणींना शुश्रूषा-सेविका व सेवक म्हणून बोलावून घेण्यात आले. ११ मार्च २०२४ पासून नव्याने येणाऱ्या अशा सेविकांना पतीला अथवा मुलांना सोबत आणण्यास बंदी झाली. त्यांची मिळकत किती हा प्रश्नही उरला नाही. २२ जुलै २०२५ पासून परदेशातून ही भरतीच थांबविण्यात आली. श्रमशक्ती हवी, पण ती ज्या देहात वास करते त्या देहाला आई, मूल, नवरा असतो ही गोष्ट नको, हा भांडवली हिशेब इतक्या उघडपणे क्वचितच मांडला गेला असेल.

अमेरिकेतील पद्धत वेगळी, मूळ मात्र जुने. लोकांवर भार होण्याचा संभव असलेल्यास प्रवेश नाकारण्याचा नियम तेथे १८८२ पासून आहे. १९९६ च्या कायद्याने प्रायोजक आप्ताचे हमीपत्र न्यायालयात वसूल करता येईल असे बंधनकारक केले. दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के मिळकत त्यासाठी लागते. सैन्यात प्रत्यक्ष सेवेत असलेल्याला पत्नी वा मूल आणताना १०० टक्के पुरते. २०२५ च्या दारिद्र्यरेषेप्रमाणे दोन माणसांच्या घरासाठी ही रक्कम २६,४३७ डॉलर होत होती. संघराज्याचे किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवर गोठलेले, म्हणजे वर्षाचे १५,०८०. अनेक राज्यांनी आपापले वेतन वाढविले आहे, पण जेथे वाढविले नाही तेथील मजुराला सहप्रायोजक शोधत फिरावे लागते. घटस्फोटानेदेखील ही हमी संपत नाही. भावाबहिणींसाठी अर्ज करणाऱ्या भारतीयांना तर दीड दशकाहून अधिक काळ थांबावे लागते आणि मिळकतीचा पुरावा मागितला जातो तो शेवटी, तोवर प्रायोजक निवृत्तीला आलेला असतो.

आखातात ही अट लपविण्याची कोणी तसदी घेत नाही. संयुक्त अरब अमिरातीने २०१९ पासून कुटुंब आणण्यासाठी दरमहा ४,००० दिरहाम, किंवा ३,००० दिरहाम आणि राहण्याची जागा, अशी मर्यादा ठेवली. सौदी अरेबियाने २०१७ च्या जुलैपासून प्रत्येक अवलंबित माणसामागे महिना १०० रियाल कर बसविला व तो २०२० पर्यंत ४०० वर नेला, तेव्हा हजारो भारतीयांनी बायकामुलांना परत धाडले. तेलंगण, केरळ, उत्तर प्रदेश, बिहार येथून गेलेल्या बांधकाम-मजुराला तर कुटुंब आणण्याचा विचारही परवडत नाही. येथे नवी दिल्लीचे वर्तन तपासले पाहिजे. सप्टेंबर २०२० मध्ये, महामारीने लाखो मजूर हवालदिल झालेले असताना, भारत सरकारने आखाती देशांसाठी आपण स्वतः ठरविलेले किमान वेतन ३० ते ५० टक्क्यांनी उतरविले. अमिरातीसाठी ते २०० डॉलर, म्हणजे सुमारे ७३४ दिरहाम झाले. कुटुंबासाठी लागणाऱ्या मिळकतीच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी वेतनाला खुद्द मायदेशाच्या सरकारने मान्यता दिली होती. तेलंगणच्या उच्च न्यायालयात दाद मागितली गेली, आणि जुलै २०२१ मध्ये ती परिपत्रके मागे घ्यावी लागली.

ब्रिटनशीही वाटाघाटी करण्याच्या संधी सरकारला वारंवार मिळाल्या आहेत. २४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या व्यापारी करारात स्वयंपाकी, योगशिक्षक व संगीतकारांना स्थान मिळाले, आणि कंपन्यांनी तात्पुरते धाडलेल्या कर्मचाऱ्यांना तीन वर्षे तेथील सामाजिक विम्याच्या वर्गणीतून सूट मिळण्याची व्यवस्था ठरली. कुटुंबासाठीच्या मिळकतीच्या अटीला त्याने धक्का लागला नाही. त्याआधी मे २०२१ मध्ये दोन्ही सरकारांनी स्थलांतरविषयक भागीदारीचा करार केला. त्यातून अठरा ते तीस वर्षांच्या ३,००० पदवीधर भारतीयांना दरवर्षी दोन वर्षांसाठी ब्रिटनमध्ये राहण्याची योजना निघाली आणि २०२३ पासून ती चालू झाली. अर्जदाराने बँकेत २,५३० पौंड दाखवावेत, जोडीदाराला सोबत आणता येणार नाही, आणि ज्याच्यावर अठरा वर्षांखालील मूल अवलंबून आहे त्याने अर्जच करू नये, अशा तिच्या अटी आहेत. त्या भागीदारीवर भारत सरकारची सही आहे.