विश्लेषण : ‘स्वदेशी’ असो वा क्रोम... ब्राउझर निवडताना नेमके काय तपासावे?

फोन घेताना कॅमेरा, बॅटरी, स्टोरेज असे सगळे पाहिले जाते. ब्राउझर मात्र फोनमध्ये आधीपासून असतो तोच वापरला जातो. बँकेचा पासवर्ड, आधार क्रमांक, मुलांच्या परीक्षेचा निकाल हे सगळे त्याच ॲपमधून जाते. मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या वेब ब्राउझर विकास स्पर्धेत झोहो कंपनीने एक कोटी रुपयांचे पहिले पारितोषिक पटकावले आणि ‘स्वदेशी ब्राउझर’ची चर्चा सुरू झाली. पण ब्राउझर कोणत्या देशाचा आहे, यावरून तो सुरक्षित ठरतो का?

सरकारला भारतीय ब्राउझर का हवा?

वेबसाइट खरी आहे का, हे ब्राउझर तिच्या डिजिटल प्रमाणपत्रावरून तपासतो. अशी प्रमाणपत्रे देणाऱ्या कोणत्या संस्थांवर विश्वास ठेवायचा, याची यादी ब्राउझरमध्ये किंवा ऑपरेटिंग सिस्टीममध्ये असते आणि ती प्रामुख्याने परदेशी कंपन्या ठरवतात. भारतात या प्रमाणपत्रांचे नियमन ‘सीसीए’ ही सरकारी यंत्रणा करते. तिचे मूळ प्रमाणपत्र ब्राउझरमध्ये असावे, ही स्पर्धेची एक अट होती.

याला दुसरी बाजूही आहे. जुलै २०१४ मध्ये ‘सीसीए’च्या अखत्यारीत काम करणाऱ्या एनआयसीकडून गूगलच्या काही डोमेनसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे दिली गेल्याचे उघड झाले. अशा प्रमाणपत्राच्या जोरावर बनावट साइट खरी म्हणून खपू शकते. त्यानंतर गूगलने क्रोममध्ये या भारतीय प्रमाणपत्रांवरचा विश्वास सरकारी आणि इतर मोजक्या डोमेनपुरता मर्यादित केला. यादी कोणाच्याही हाती असो, चूक झाल्यावर ती किती लवकर दुरुस्त होते हेच महत्त्वाचे.

नावे वेगळी, मग इंजिनही वेगळे?

बहुतेक वेळा नाही. क्रोम, मायक्रोसॉफ्ट एज, ब्रेव्ह, ऑपेरा, सॅमसंग इंटरनेट आणि झोहोचा ‘उला’ हे सगळे गूगलच्या पुढाकाराने विकसित होणाऱ्या ‘क्रोमियम’ या ओपन सोर्स प्रकल्पावर उभे आहेत. वेगळे म्हणावेत असे मोठे इंजिन दोनच : फायरफॉक्सचे ‘गेको’ आणि ॲपलचे ‘वेबकिट’. भारतात आयफोनवर क्रोम डाउनलोड केला, तरी आत वेबकिटच चालते.

याचा थेट परिणाम सुरक्षेवर होतो. क्रोमियममध्ये त्रुटी सापडली, की त्यावर आधारलेल्या सगळ्या ब्राउझरना धोका असतो. गूगल दुरुस्ती देते, पण ती आपल्या ब्राउझरमध्ये आणण्याचे काम त्या-त्या कंपनीचे. कंपनीने उशीर केला, तर तेवढे दिवस दार उघडे राहते.

वेब मानके म्हणजे काय?

वेबपेज कसे लिहावे आणि ब्राउझरने ते कसे दाखवावे, याचे सामाईक नियम म्हणजे मानके. डब्ल्यूथ्रीसी आणि व्हॉटडब्ल्यूजी या संस्था ती ठरवतात. ती पाळली, तर एकच साइट कोणत्याही ब्राउझरमध्ये नीट चालते.

न पाळल्यास काय होते, हे २००१ मध्ये आलेल्या ‘इंटरनेट एक्स्प्लोरर ६’ने दाखवले. या ब्राउझरचा दबदबा इतका होता, की अनेक साइट त्याच्यापुरत्याच बनवल्या गेल्या. भारतातील सरकारी साइटवरही ‘इंटरनेट एक्स्प्लोरर वापरा’ अशा सूचना वर्षानुवर्षे दिसत राहिल्या. परिणामी असुरक्षित झाल्यावरही कार्यालयांना तो सोडता येईना. अखेर १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० वरील इंटरनेट एक्स्प्लोररचा सपोर्ट थांबवला. आज साइट फक्त क्रोमवर तपासून प्रसिद्ध केली, तर त्याच चुकीची पुनरावृत्ती होईल.

जुना फोन असेल तर?

धोका इथे सर्वाधिक आहे. ऑगस्ट २०२३ पासून क्रोमला दर आठवड्याला सुरक्षा अपडेट मिळते, पण ते जुन्या फोनपर्यंत पोहोचत नाही. अँड्रॉइड ८ आणि ९ साठी क्रोम १३८ ही शेवटची आवृत्ती आहे. विंडोज ७ साठी १०९. घरातला जुना फोन आई-वडिलांना दिला जातो आणि त्यावर पेन्शनचे, बँकेचे व्यवहार होतात. ब्राउझर उघडतो, साइटही दिसते; दुरुस्त्या मात्र थांबलेल्या असतात. अशा फोनवर दुसऱ्या एखाद्या ब्राउझरची ताजी आवृत्ती मिळते का, ते पाहावे. मिळत नसेल, तर त्यावरून पैशांचे व्यवहार टाळावेत.

इन्स्टाग्रामवरची लिंक कुठे उघडते?

बहुतेकदा ॲपच्याच आतल्या ब्राउझरमध्ये. ऑगस्ट २०२२ मध्ये फेलिक्स क्राउझ या संशोधकाने दाखवून दिले, की आयफोनवर इन्स्टाग्राम आणि फेसबुक अशा पानांमध्ये स्वतःचा कोड घालतात. वापरकर्त्याने दिलेल्या गोपनीयतेच्या पर्यायांचा आदर राखण्यासाठीच हा कोड असल्याचे मेटाचे म्हणणे होते. तरीही लॉगिन किंवा पेमेंट करायचे असल्यास मेन्यूतून लिंक मुख्य ब्राउझरमध्ये उघडणे शहाणपणाचे. कनेक्शन सुरक्षित दिसले, तरी पत्ता वाचावा. बनावट साइटलाही प्रमाणपत्र मिळू शकते.

मग निवड कशी करावी?

चार प्रश्न पुरेसे आहेत. शेवटचे अपडेट कधी आले? आत इंजिन कोणते? कंपनीचे उत्पन्न कशातून येते, जाहिरातींतून की आणखी कशातून? आणि नेहमीच्या साइट त्यात नीट चालतात का? फोनमध्ये दोन वेगळ्या इंजिनांचे ब्राउझर ठेवता आले, तर एकात मोठी त्रुटी सापडल्यावर दुसरा हाताशी राहतो. अँड्रॉइडवर क्रोमसोबत फायरफॉक्स ठेवणे हा त्याचा सोपा मार्ग.

‘उला’लाही हेच प्रश्न विचारावेत आणि क्रोमलाही. ज्याला ठोस उत्तरे देता येत नाहीत, तो ब्राउझर कोणत्याही देशाचा असो, त्यात बँकेचा पासवर्ड टाकू नये.