दहावी पास झाला म्हणून वाऱ्यावर सोडायचं?



आमच्या महागावातला आयटीआय झालेला फिटर किंवा वायरमन पोरगा आखाती देशात जायचं म्हणाला, की एजंट हमखास सांगतो, "तुझा पासपोर्ट ईसीएनआर आहे, तुला कुणी अडवत नाही. आधी व्हिजिटवर जा, तिकडे कामाचा व्हिसा लावून देऊ." यातलं पहिलं वाक्य खरं आहे आणि माझी तक्रार त्याबद्दलच आहे.

१९८३ च्या एमिग्रेशन कायद्यानुसार दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर सहसा ईसीआर, म्हणजे 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड', असा शेरा असतो. त्याला सौदी, कुवेत, यूएईसह १८ देशांत कामाला जायचं तर आधी सरकारी मंजुरी लागते. मालक कोण, पगार किती, करारपत्र कसं, हे पाहिलं जातं. दहा लाखांचा विमा काढावा लागतो. दहावीचं सर्टिफिकेट जोडलं की पासपोर्ट ईसीएनआर, म्हणजे 'चेक नॉट रिक्वायर्ड', होतो आणि यातलं काहीच बंधनकारक राहत नाही. हा कायदा झाला तेव्हा खेड्यात मॅट्रिक झालेला माणूस विरळा होता. आज घरटी एक तरी दहावी पास आहे, म्हणजे घरटी एक पोरगा या संरक्षणाबाहेर आहे.

"शिकलेल्याने आपलं आपण पाहावं," असं म्हणणारे भेटतात. अहो, अरबीतलं करारपत्र वाचायला दहावीत कोण शिकवतं? व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे बेकायदा आहे. मुदत संपली की यूएईत दिवसाला ५० दिरहम, म्हणजे हजार रुपयांहून जास्त दंड चढत जातो. पगार बुडाला तरी पोरगा तक्रार करत नाही, कारण कागदावर गुन्हेगार तोच ठरतो. शिकलेले आखाताबाहेरही फसतात. मार्च २०२५ मध्ये म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांतून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना थायलंडमार्गे हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. संगणकावरच्या त्या कामाला अडाणी माणूस कुणी नेत नाही.

२०१८ मध्ये सरकारने ईसीएनआरवाल्यांनाही जाण्याआधी ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणी सक्तीची करायचं जाहीर केलं आणि अंमल होण्याआधीच ते थांबवलं. नव्या कायद्याचे मसुदे २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये लोकांसमोर आले. त्यात एवढं व्हावं: कामासाठी जाणारा प्रत्येक जण, शिक्षण कितीही असो, मालकाच्या नावासह नोंदला जावा. परवानगीची अट नको, त्याने दलालांचंच फावेल. नोंद मात्र हवीच. आणि दरवर्षी आयटीआयचा निकाल लागला की याची माहिती तिथेच, वर्गात दिली जावी.

आईवडिलांना माझी हात जोडून विनंती आहे. एजंटचा परवाना ई-मायग्रेटवर तपासा. कायद्याने त्याला ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर, एवढीच फी घेता येते. त्याहून जास्त मागत असेल तर कापसाचे पैसे त्याच्या हातात देऊ नका. आणि व्हिसावर 'व्हिजिट' लिहिलेलं असेल तर पोराला विमानात बसू देऊ नका.

— एक वाचक, महागाव (जि. यवतमाळ)