नकाशाच्या वरच्या कडेला

खानदेशचा शाळेतला नकाशा आठवून पाहा. मधून तापी वाहते, दोन्ही काठांवर काळी जमीन, केळी, कापूस. आणि सर्वांत वर तपकिरी रंगाचा एक पट्टा. तो सातपुडा. आपला मुलूख तिथे संपतो असे आपण लहानपणी शिकलो आणि पुढे तसेच वागलो.

वास्तविक तिथे काहीच संपत नाही. यावल, रावेर, चोपड्याकडची बागायत ज्या विहिरींवर उभी राहिली, त्यांचे पाणी सातपुड्यावरून उतरून पायथ्याच्या दगडगोट्यांच्या थरांत मुरलेले. पश्चिमेला डोंगर चढून गेले की अक्राणी लागते. उंचावरचे तोरणमाळ, दिवाळीत यात्रा भरते ते अस्तंभा आणि पलीकडे खोल दरीत नर्मदा. या दोन नद्यांच्या मधल्या डोंगरांत भिल्ल आणि पावरा पिढ्यान्‌पिढ्या राहत आले.

आपल्या इतिहासात मात्र ही माणसे येतात ती बंडाच्या प्रकरणातच. १८१८ मध्ये इंग्रजांनी खानदेश घेतला. भिल्ल नुसत्या बंदुकीने आवरेनात, तेव्हा १८२५ मध्ये आउट्रामने धरणगावला भिल्ल पलटण उभारली. ज्यांचे डोंगर, त्यांनाच पहाऱ्यावर नेमले. खाज्या नाईकही सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा. १८५७ मध्ये त्यानेच तिथे सरकारी खजिना लुटला. पुढे १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व-पश्चिम असे दोन भाग झाले, १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. रेघा बदलल्या, डोंगर कडेलाच राहिला.

त्या रेघेचा अनुभव मी टेबलाच्या अलीकडे बसून घेतला आहे. पायथ्याच्या गावी बँकेच्या शाखेत असताना एक पावरा शेतकरी बैलजोडीसाठी कर्ज मागायला आला. जमीन नेवाडाची, म्हणजे जंगलात कसलेली. सातबारा मागितला, तर त्याने कमरेची पिशवी सोडून अतिक्रमणाच्या दंडाच्या पावत्या पुढे ठेवल्या. म्हणाला, "साहेब, हा पण सरकारचाच कागद ना?" मी नियमाप्रमाणे त्याला परत पाठवले. नियम बरोबर होता. रात्री झोप मात्र आली नाही.

२००६ मध्ये वनहक्क कायदा झाला आणि तशाच पावत्या कसणाऱ्याच्या ताब्याचा पुरावा म्हणून कामी आल्या. पण तोवर अक्कलकुवा आणि अक्राणीतली ३३ गावे सरदार सरोवराच्या बुडितात धरली गेली होती. मणिबेलीपासून वरच्या कित्येक पाड्यांतल्या लोकांची जमीन कागदावर येण्याआधीच पाण्याखाली गेली.

वनपट्टा वारसांना मिळतो, विकता येत नाही. ही अट शहाणपणाची आहे. ती नसती तर पहिल्या दुष्काळातच पट्टे सावकाराच्या पेटीत गेले असते. पण विकता येत नाही म्हणून तारण नाही आणि तारण नाही म्हणून कर्ज नाही, हे तर्कशास्त्र बँकेने सोडले पाहिजे. लहान पीककर्जाला उभे पीक तारण चालते, हे मी नोकरीत पाहिले आहे. मग डोंगरातली ज्वारी, मका, तूर ही पिके नव्हेत काय?

त्याचे पाणी आपण पिढ्यान्‌पिढ्या उपसले. त्याची पत मोजताना तरी नकाशा नीट उलगडून पाहावा.